पामडेलची जमीन १९७९ साली खरंच हलली होती का?

फेब्रुवारी ते नोव्हेंबर १९७९. दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की वाळवंटाच्या काठावर पामडेल लागतं. सॅन अँड्रियास प्रस्तरभंग, म्हणजे भूकवचातली लांबच लांब भेग, गावाला लागूनच जातो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या माथ्यांवर पक्की ठाणी रोवून त्यांच्यातली अंतरं १९७१ पासून पुन्हा पुन्हा मोजली जात होती. या नऊ महिन्यांत मोजणीत एक उडी दिसली: प्रस्तरभंगाला काटकोनात जाणारी अंतरं दहा लाखात एक भाग, म्हणजे एक पीपीएमने वाढली. वीस किलोमीटरच्या रेषेवर हे वीस मिलिमीटर होतात. भूकंप मात्र झाला नव्हता.

यूएसजीएस या अमेरिकी भूवैज्ञानिक संस्थेतल्या सॅव्हेज, प्रेस्कॉट, लिसोव्स्की आणि किंग यांनी १९८१ साली ‘सायन्स’मध्ये हे सगळं मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९७४ ते १९७८ या काळात जमीन प्रस्तरभंगाच्या काटकोनात हळूहळू एक पीपीएम आकसली, १९७९ मध्ये तो आकस गुपचूप सुटला आणि नोव्हेंबर १९७९ ते मार्च १९८० दरम्यान त्यातला निम्मा परत आला. कारण म्हणून त्यांनी सुचवलं, की दहा ते तीस किलोमीटर खोलीवरच्या एका आडव्या पृष्ठावरून वरचं भूकवच दक्षिण-नैर्ऋत्येकडे सरकलं आणि सरकण्याची ती लाट ठाण्यांच्या जाळ्याखालून पुढे गेली.

त्याच लेखात आणखी एक आकडा होता, आणि त्याच्याकडे फारसं कुणी डोळे विस्फारून पाहिलं नाही. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकू पाहतात, त्यामुळे साचणारा शिअर, म्हणजे जमिनीचा आकार तिरका होत जाणं, वर्षाला ०.३५ मायक्रोरेडियन (कोनाच्या मापाचा, रेडियनचा, दहा लाखावा भाग) या दराने सावकाश, एकसारखा वाढत होता. एक आकडा नाट्यमय, दुसरा कंटाळवाणा. पण मोजणी दोन्हींची एकच होती, यंत्र एकच, माणसं तीच. तरी माझा विश्वास दुसऱ्यावर बसतो आणि पहिल्यावर बसत नाही. हा नुसता कल नाही. त्यामागे हिशेब आहे.

पार्श्वभूमी

पामडेलकडे सगळ्यांचे कान लागलेले असण्याला कारण होतं. ९ जानेवारी १८५७ च्या फोर्ट तेहोन भूकंपात प्रस्तरभंगाचा हा भाग फाटला होता आणि त्यानंतर शंभरावर वर्षं तो गप्प होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये जवळच सॅन फर्नांडोचा भूकंप झाला. मग १९७६ साली कासल, चर्च आणि इलियट यांनी जाहीर केलं, की लेव्हलिंगच्या, म्हणजे उंचीतले फरक मोजण्याच्या, जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहता पामडेलच्या आसपासचा मोठा प्रदेश १९६० च्या सुमारापासून पाव मीटरने उचलला गेला आहे. वर्तमानपत्रांना ‘पामडेलचा फुगवटा’ हे नाव मिळालं. भूकंपाचा धोका कमी करण्यासाठीचा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत १९७७ साली झाला, तो याच वातावरणात.

फुगवट्याचं पुढे काय झालं ते आमच्या प्रकरणाला शेजारचं आहे, म्हणून सांगतो. लेव्हलिंग करताना दुपारी तापलेल्या जमिनीलगत हवेचे गरम-थंड थर असतात आणि स्टाफवर, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या पट्टीवर, टाकलेली नजर त्यातून वाकते. सपाटीवर पुढचा आणि मागचा स्टाफ सारखाच फसतो, म्हणून चूक कटते. चढावर ती कटत नाही. वरच्या बाजूच्या स्टाफवर नजर जमिनीच्या अगदी जवळून जाते, खालच्या बाजूच्या स्टाफवर ती उंचावरून जाते. म्हणजे एक जास्त वाकते, दुसरी कमी. परिणामी डोंगर आहे त्यापेक्षा किंचित बुटका मोजला जातो, आणि ही चूक नजरेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुन्या मोजण्यांत नजरा लांब टाकल्या जात, नंतरच्यांत आखूड. मग नंतरच्या मोजणीत डोंगर कमी बुटका दिसणार, आणि दोन्हींची वजाबाकी केली की डोंगर ‘उचलला गेला’ असं उत्तर येणार. १९८१ मध्ये सॉगस ते पामडेल या मार्गावर हेच तपासायला मुद्दाम लांब आणि आखूड नजरांनी लेव्हलिंग करून पाहिलं, आणि जुन्या मोजण्यांत ही चूक खरोखर शिरते हे दिसलं. स्टाफच्या खुणांमधल्या चुकांवर वेगळा वाद झालाच. किती फुगवटा खरा आणि किती नजरेचा, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले.

उंचीचं असं झालं, म्हणून आडव्या अंतरांच्या मोजणीकडे लोक अधिक भरवशाने पाहू लागले. लेसरच्या अंतरमापनात स्टाफ नाही, तापल्या जमिनीला घासून जाणारी नजर नाही. हवा मात्र आहेच.

एक रेषा कशी मोजायची

पामडेलला वापरलेलं यंत्र होतं जिओडोलाइट. एका माथ्यावर यंत्र, दुसऱ्या माथ्यावर प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारे कोनी आरसे. यंत्रातून लाल हीलियम-निऑन लेसर निघतो, त्याच्या तीव्रतेवर ठरावीक वारंवारतेची लहर चढवलेली असते, आणि परत आलेल्या लहरीची कला, म्हणजे लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते, मूळ लहरीशी ताडून अंतर काढतात. इथवर सगळं इलेक्ट्रॉनिक्सचं काम आहे आणि ते चोख होतं.

अडचण पुढे आहे. प्रकाश हवेत निर्वातापेक्षा किंचित हळू चालतो. समुद्रसपाटीजवळ हा उशीर सुमारे २८५ पीपीएम असतो, पामडेलच्या उंचीवर थोडा कमी. म्हणजे वीस किलोमीटरची रेषा हवेमुळे पाच मीटरच्या आसपास जास्त लांब वाटते. आपल्याला शोधायचे आहेत काही मिलिमीटर. तेव्हा ते पाच मीटर दर वेळी हजारात एका भागापेक्षाही कमी चुकीने वजा करता आले पाहिजेत.

वजा करायचे तर हवेची घनता माहीत हवी, घनतेसाठी तापमान आणि दाब हवा. तापमानात एक अंश सेल्सियसची चूक झाली की अंतरात एक पीपीएमची चूक. दाबात एक हेक्टोपास्कल चुकला की सुमारे ०.३ पीपीएम, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे आठ-नऊ मीटरच्या उंचीचा फरक, बॅरोमीटर थोडा बिघडला तरी तेवढं होतं. आर्द्रतेचा त्रास त्या मानाने किरकोळ.

दाब दोन टोकांना मोजून मधला अंदाज बांधता येतो, कारण दाब उंचीबरोबर नियमाने बदलतो. तापमान असं शहाण्यासारखं वागत नाही. रेषेची टोकं माथ्यांवर, मधला वीस किलोमीटरचा पल्ला दरीवरून, आणि दरीवरची हवा माथ्यावरच्या थर्मामीटरला काही सांगत नाही. म्हणून यूएसजीएसची मंडळी मोजणी चालू असतानाच त्या रेषेच्या वाटेने एक छोटं विमान उडवत, बाहेर तापमान आणि आर्द्रतेचे संवेदक लावून. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाईपर्यंत नोंदी घ्यायच्या आणि त्यांची सरासरी त्या रेषेला लावायची. महाग काम. पण त्याशिवाय पीपीएमच्या खाली उतरायची सोय नव्हती.

आपल्याकडे जमीनमोजणीसाठी टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) चालवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मे महिन्यात दुपारी बाहेर ३८ अंश आणि यंत्रात आधीचे २० अंश भरलेले. किलोमीटरला १८ मिलिमीटर गेले. प्लॉटच्या मोजणीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. धरणाच्या भिंतीचं सरकणं पाहणाऱ्याने मात्र त्यावर अहवाल लिहू नये.

आकड्यांत अचूकता

सॅव्हेज आणि प्रेस्कॉट यांनी १९७३ साली या पद्धतीची अचूकता एका सूत्रात बसवली. चुकीचे दोन भाग. एक, लांबीशी संबंध नसलेला: तीन मिलिमीटर, म्हणजे यंत्र आणि आरसे खुणेवर बरोबर लावण्यातली चूक, कला वाचण्यातली चूक. दुसरा, लांबीच्या प्रमाणातला: ०.२ पीपीएम, म्हणजे मुख्यतः हवा. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ. वीस किलोमीटरला पहिला भाग तीन, दुसरा चार, एकूण बरोबर पाच मिलिमीटर. दहा किलोमीटरला साडेतीनच्या थोडं वर, तीस किलोमीटरला पावणेसातच्या आसपास.

०.२ पीपीएम म्हणजे वीस किलोमीटर हवेचं सरासरी तापमान ०.२ अंशात पकडणं. उडत्या विमानातून. मला हा आकडा आजही थक्क करतो.

आता शोधायचा बदल केवढा ते पाहू. शिअर वर्षाला ०.३५ मायक्रोरेडियन असेल, तर प्रस्तरभंगाशी ४५ अंशांत असलेल्या दोन रेषांपैकी साधारण उत्तर-दक्षिण जाणारी वर्षाला ०.१७५ पीपीएम आखूड होते आणि साधारण पूर्व-पश्चिम जाणारी तेवढीच लांबते. वीस किलोमीटरवर साडेतीन मिलिमीटर. मोजणीची चूक पाच. एका वर्षाच्या अंतराने दोनदा मोजून वजाबाकी केली तर वजाबाकीची चूक सात, म्हणजे बदल चुकीच्या निम्मा. काहीच सांगता येत नाही. नऊ वर्षांच्या अंतराने दोन मोजण्या केल्या तर दराची चूक वर्षाला ०.८ मिलिमीटर. त्याच नऊ वर्षांत दरवर्षी एक अशा दहा मोजण्या करून सरळ रेषा बसवली तर ०.५५. बदल साडेतीनचा, म्हणजे आता तो ठसठशीत दिसतो. फेरमोजणीचं बळ मुख्यतः काळातून येतं, अधल्यामधल्या मोजण्या त्यात थोडी भर घालतात.

या हिशेबाने १९७९ ची उडीही ठसठशीत. वीस मिलिमीटर, वजाबाकीची चूक सात, जवळपास तिप्पट. शिवाय जाळ्यात एक रेषा नाही, अनेक आहेत. नुसत्या योगायोगाने असं होण्याची शक्यता जवळपास शून्य. लेखकांनी ती खरी मानली यात नवल नाही.

पण पाच मिलिमीटर कशाचे?

सूत्रातली चूक ही एका मोजणीची दुसरीशी तुलना करून काढलेली, इकडेतिकडे विखुरणारी चूक आहे. रेषा वाढवल्या की ती सरासरीत विरते. सगळ्या रेषांना एकाच दिशेने, एकाच प्रमाणात फसवणारी चूक या सूत्रात दिसत नाही आणि रेषा कितीही वाढवल्या तरी विरत नाही. विमानावरचा थर्मामीटर एका मोहिमेत एक अंश जास्त दाखवत असेल, तर हवा आहे त्यापेक्षा विरळ धरली जाईल, वजावट कमी होईल आणि जाळ्यातली प्रत्येक रेषा एक पीपीएम लांब निघेल. यंत्रातल्या, लहरीची वारंवारता ठरवणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाची वारंवारता सरकली तरी तेच. शिंप्याची टेप धुऊन आकसली की सगळ्याच गिऱ्हाइकांची कंबर वाढते. कोण कुणापेक्षा जाड हा क्रम काही बदलत नाही.

क्रम म्हणजे इथे शिअर. वर सांगितलेल्या दोन रेषा घ्या, एक आखूड होणारी, एक लांबणारी. त्यांच्यातला फरक वर्षाला सात मिलिमीटरने वाढतो. थर्मामीटर एक अंश चुकला तर दोन्ही रेषा वीस मिलिमीटरने लांब निघतात. फरक होता तेवढाच राहतो. म्हणून शिअरचा आकडा थर्मामीटरच्या तावडीतून सुटतो. जाळ्याचं एकूण फुगणं-आकसणं मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतं.

हा मुद्दा नवा नाही. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर सर्व्हे ऑफ इंडियाने खासी टेकड्यांतल्या जुन्या त्रिकोणांची फेरमोजणी केली तेव्हाही हीच गोची होती: कोन नव्याने मोजले, पण मोजपट्टी कुठली? काही ठाणी हललेली नाहीत असं धरूनच पुढे जावं लागलं. ती हलली असतील तर सगळी गणितं तेवढ्याच पटीत हलतात.

पामडेलच्या बाबतीत ‘थर्मामीटर चुकला’ एवढं म्हणून सुटका होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. निखळ मोजपट्टीची चूक सर्व दिशांना सारखी पसरते. लेखकांना दिसलेला बदल काटकोनातला होता. गणिताने तो दोन वाट्यांत फोडता येतो: सर्व दिशांना सारखा अर्धा पीपीएम, आणि काटकोनात अधिक अर्धा, समांतर दिशेत उणे अर्धा. पहिला वाटा अर्ध्या अंशाच्या चुकीने भागतो. दुसरा भागत नाही. वीस किलोमीटरवर तो दहा मिलिमीटर होतो, म्हणजे एका मोजणीच्या चुकीच्या दुप्पट.

इथे माझा तर्क भूगोलाकडे जातो. पामडेलला प्रस्तरभंग सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या उत्तर पायथ्याने जातो. त्याला समांतर रेषा साधारण एका प्रकारच्या भूभागावरून जातात. काटकोनातली रेषा वाळवंटाच्या सपाटीवरून उठून डोंगरात शिरते. दोन्हींवरची हवा वेगळी, उंचीतला फरक वेगळा, विमानाला प्रकाशाच्या वाटेला चिकटून उडणं जमण्याची शक्यताही वेगळी. हवेची चूक दिशेनुसार बदलायला एवढं पुरेसं आहे. तसंच झालं असं मी म्हणत नाही. अर्ध्या अंशाच्या आतल्या गोष्टींवर तीस किलोमीटर खोलीवरची लाट उभी करण्याआधी हा रस्ता बंद व्हायला हवा होता, एवढंच. सॅव्हेज यांनी स्वतः १९८५ मध्ये गू यांच्यासह हे प्रकरण पुन्हा उकललं, ते उगाच नाही. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाकडे मागे वळून पाहणारे शास्त्रज्ञ फार नसतात.

हवाच बाद केली तर?

नोव्हेंबर १९८० पासून पामडेलजवळ दुरंगी जिओडिमीटर, म्हणजे दोन रंगांच्या प्रकाशाने अंतर मोजणारं यंत्र, आला. स्लेटर आणि हगेट यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ही कल्पना फार देखणी आहे. लाल आणि निळा, असे दोन लेसर एकाच वाटेने पाठवायचे. हवेत निळा प्रकाश लालपेक्षा थोडा जास्त रेंगाळतो; दहा किलोमीटरला दोघांत साधारण साडेतेरा सेंटिमीटरचं अंतर पडतं. हे अंतर वाटेतल्या हवेच्या प्रमाणातच असतं, तेव्हा त्याला सुमारे २१ ने गुणलं की लाल प्रकाशाचा सगळा उशीर मिळतो. विमान नको, थर्मामीटर नको. हवेचं माप प्रकाशच घेऊन येतो. किंमत एवढीच, की दोन रंगांतला फरक मोजताना झालेली चूकही २१ पट होते, म्हणून तो फरक मिलिमीटरच्या बारीक अंशापर्यंत मोजता यावा लागतो. ते जमलं, आणि अचूकता ०.१ पीपीएमच्या आसपास आली. पाच किलोमीटरला अर्धा मिलिमीटर.

लँगबाइन, लिंकर, मॅकगार आणि स्लेटर यांनी पंधरा महिन्यांच्या नोंदी १९८२ मध्ये छापल्या. भूकवच झटक्याझटक्याने, कधी कधी अवघ्या दोन आठवड्यांत, फुगतं आणि आकसतं, असं त्यात होतं. शिअर? दर कमी-जास्त झाला, पण तो एकाच दिशेने साचत गेला.

म्हणजे यंत्र बदललं, तत्त्व बदललं, अचूकता वाढली, आणि तरी वाटणी तीच: शिअर सरळ चालणारा, क्षेत्रफळ (म्हणजे एकूण फुगणं-आकसणं) चंचल. भूकवच खरंच तसं वागत असेल. पण दुरंगी पद्धतीत हवा बाद होते, यंत्राची स्वतःची मोजपट्टी बाद होत नाही. वारंवारतेतला सरका आणि रंगांच्या फरकातला स्थिर दोष अजूनही सगळ्या रेषांना एकदमच ओढतो. त्यातला दुसरा तर २१ पटीने. क्षेत्रफळाच्या बदलावर विश्वास ठेवायचा तर त्याच रेषांवर दुसरं, वेगळ्या घडणीचं यंत्र लावून पाहावं लागतं.

आणि यंत्र इतकं बारीक झालं की पाळी खुणेची येते. याच प्रस्तरभंगावरच्या, कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १९८४ पासून दुरंगी मोजणी आठवड्यातून अनेकदा होऊ लागली, तेव्हा ठाणी स्वतःच भटकतात हे नीट दिसलं. पावसाने माती फुगते, उन्हाने आकसते, खांब रोज कणभर सरकतो आणि पूर्वीच्या जागी परततोच असं नाही. लँगबाइन आणि जॉन्सन यांनी १९९७ मध्ये या भटकण्याचा हिशेब मांडला. त्याचा फटका असा, की खांब पहिल्या वर्षात दोन मिलिमीटर भटकणारा असेल, तर नऊ वर्षांनंतर दराची चूक वर्षाला ०.६७ मिलिमीटर राहते, मधल्या काळात दहा मोजण्या करा की हजार. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात; तिथे खडकापर्यंत न नेलेल्या खुणेवर मिलिमीटरची भाषा करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

जीपीएस आल्यावर

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जिओडोलाइटची जागा जीपीएसने घ्यायला सुरुवात केली. बदली करताना शहाणपणाचं काम झालं: काही काळ त्याच रेषा दोन्हींनी मोजल्या. १९९६ साली सॅव्हेज, लिसोव्स्की आणि प्रेस्कॉट यांनी ती तुलना छापली. दोन्ही पद्धतींत लांबीच्या प्रमाणातला फरक निघाला, पीपीएमच्या काही दशांशांचा. समजा ०.३ धरला, तर वीस किलोमीटरला सहा मिलिमीटर. १९७० च्या दशकातल्या जिओडोलाइटच्या लांब्यांना १९९० च्या जीपीएसच्या लांब्या तशाच जोडल्या असत्या, तर पावणेदोन वर्षांच्या जमिनीच्या खऱ्या ताणण्या-आकसण्याएवढा बदल निव्वळ यंत्रबदलातून जन्माला आला असता, आणि तोही सगळ्या रेषांवर एकाच दिशेने, म्हणजे बरोबर क्षेत्रफळाच्या खात्यात.

१९७९ च्या उडीचा निकाल यावरून लागत नाही. तुलना नंतरची आहे, १९७९ च्या मोहिमेतले थर्मामीटर आता कुणी तपासू शकत नाही. माझ्या वहीत ती ‘सिद्ध नाही’ या रकान्यात आहे. ०.३५ मायक्रोरेडियन मात्र ‘मान्य’ या रकान्यात आहे, आणि त्याला ना विमानाच्या थर्मामीटरची साक्ष लागली, ना यंत्रातल्या क्वार्ट्झची.